थरावर थर आणि दूरचा तळ

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कवी, कथाकार आणि भाषेचे अभ्यासक ज्या व्यासपीठावर बोलतात, तिथे मी आज फाइल सिस्टीमबद्दल बोलणार आहे. विषयपत्रिका पाहून काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पण आपण लिहिलेला प्रत्येक शब्द आता शेवटी कुठल्यातरी फाइल सिस्टीममध्येच जाऊन बसतो. तो तिथे नीट बसला की नाही, हे आपण तपासत नाही. मीही तपासले नव्हते. त्याचे काय झाले, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षाची व्यवस्था माझ्याकडे होती. बारा जुनी यंत्रे होती आणि एकाचीही हार्ड डिस्क धड नव्हती. सगळी यंत्रे नेटवर्कवरून एका सर्व्हरला जोडलेली होती आणि तिथल्याच फाइली वापरत होती. त्या सुमारास मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या खेड्यांत जाऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांचे पहिले लेखन झाले होते, पण ते करणाऱ्याने बोलीतले शब्द 'शुद्ध' करून टाकले होते. बाईंनी 'आमी' म्हटले, तिथे 'आम्ही' लिहिले. 'न्हाई' म्हटले, तिथे 'नाही'. विद्यार्थी चार दिवस कानाला हेडफोन लावून बसले आणि एकेक शब्द मूळ उच्चाराप्रमाणे परत बसवत गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. ती आली, यंत्रे सुरू झाली, फाइली उघडल्या, तर सगळीकडे पुन्हा 'आम्ही' आणि 'नाही'. एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, मी दर पाच मिनिटांनी सेव्ह केलं होतं." ती खरे सांगत होती. यंत्रानेही तिला खोटे सांगितले नव्हते. चूक माझी होती. ती कोणती, हे कळण्यासाठी आपल्याला थोडे खोलात जावे लागेल.

फाइल सिस्टीम म्हणजे नाव आणि मजकूर यांची सांगड घालून देणारी व्यवस्था. 'ओव्या-३' हे नाव दिले की त्या नावाचा मजकूर काढून देणे, आणि बदल केला की तो जागेवर ठेवणे, हे तिचे काम. या व्यवस्थेवर दुसरी व्यवस्था चढवता येते. खालची फाइली सांभाळते आणि वरची मधे उभी राहून काहीतरी वेगळे करते. कधी मजकूर कुलूपबंद करून खाली पाठवते, तर कधी दोन वेगळे फोल्डर एकच असल्यासारखे दाखवते. एकावर एक रचता येणाऱ्या या व्यवस्थांना मी थरांच्या फाइल सिस्टीम म्हणतो. संचिका, धारिका असे घडवलेले शब्द आहेत, पण माझे विद्यार्थी 'फाइल'च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. 'थर' मात्र आपल्याला दहीहंडीपासून ठाऊक आहे. वरचा गोविंदा खालच्याच्या खांद्यावर उभा असतो आणि खालचा हलला की वरच्याचे काही चालत नाही. आजच्या विषयाचे सार जवळजवळ एवढेच आहे.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८५च्या सुमारास नेटवर्क फाइल सिस्टीम आणली. तिला एनएफएस म्हणतात. दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरता याव्यात, हा तिचा हेतू होता. स्थानिक डिस्क आणि दूरचा सर्व्हर या दोघांशी एकाच भाषेत बोलता यावे म्हणून त्याच कंपनीत व्हीनोड नावाचा एक सामाईक सांधा तयार झाला आणि १९८६मध्ये स्टीव्ह क्लायमन यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. असा सांधा मिळाल्यावर त्यात मधे आणखी एक थर का घालू नये, हा प्रश्न ओघानेच आला. १९९०मध्ये डेव्हिड रोझेन्थाल यांनी तशी मांडणी केली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात हायडेमन आणि पोपेक यांनी ती पुढे नेली. नंतर एरेझ झादोक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिनक्ससाठी असे थर सोपेपणाने लिहिण्याची साधने केली आणि युनियनएफएस घडवली. २००६मध्ये ईक्रिप्टएफएस हा कुलूपबंद थर लिनक्सच्या गाभ्यात आला. मिक्लोस सेरेदी यांची ओव्हरलेएफएस २०१४च्या डिसेंबरमध्ये, लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीत आली. आज जगभरचे कंटेनर मोठ्या प्रमाणावर तिच्यावरच चालतात.

माझ्या कक्षात हीच ओव्हरलेएफएस होती. तिचे काम पोथीच्या उदाहरणाने सांगतो. खाली मूळ पोथी आहे आणि तिला कोणी हात लावायचा नाही. तिच्यावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि जे लिहायचे ते त्या कागदावर. वरून पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच पान दिसते. खालच्या पोथीला मी तळ म्हणेन आणि वरच्या कागदाला वरचा थर. तळातल्या फाइलीत एक अक्षर बदलायचे झाले, तरी आधी ती अख्खी फाइल वरच्या थरात उतरवून घेतली जाते आणि मग बदल होतो. 'उतरवून घेणे' हा शब्द गमतीचा आहे, कारण इथे नक्कल खालून वर चढते. पण पोथी उतरवून घेणे हा प्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की मला दुसरा शब्द नको वाटतो.

आणि तळातली फाइल पुसायची असेल तर? तळाला तर हात लावायचा नाही. मग वरच्या थरात त्या नावाच्या जागी एक खूण ठेवतात: 'हे नाव दिसू देऊ नका.' इंग्रजीत या खुणेला जे नाव आहे ते खाडाखोड झाकणाऱ्या पांढऱ्या रंगाचे आहे. मराठीत त्याहून जुना शब्द तयार आहे. हस्तलिखितात चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावत, त्यावरूनच 'हरताळ फासणे' आले. म्हणून वर्गात मी त्या खुणेला हरताळच म्हणतो. एकदा सांगितले की पुन्हा समजावावे लागत नाही.

आता अडचणींकडे वळू. हे थर स्थानिक डिस्कवर ठेवले की बहुतेक वेळा सुरळीत चालतात. तळ नेटवर्कच्या पलीकडे गेला की गाडी अडू लागते. त्याची कारणे मी एकेक करून सांगतो.

पहिले कारण असे, की वरचा थर गृहीत धरतो की तळात जे होईल ते माझ्यामार्फतच होईल. दूरच्या तळाच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही, कारण त्याच सर्व्हरवर आणखी दहाजण लिहीत असतात. मुळात एनएफएसच दर वेळी सर्व्हरला विचारत नाही. फाइल कधी बदलली, किती मोठी आहे, ही माहिती लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत तीन ते साठ सेकंदांपर्यंत जवळ ठेवली जाते आणि तेवढ्या काळात शिळे उत्तर मिळू शकते. फाइल बंद केली की बदल सर्व्हरवर जातील आणि दुसऱ्याने त्यानंतर उघडली की त्याला ते दिसतील, एवढीच तिची हमी असते. त्यावर आणखी एक थर चढवला आणि त्यानेही स्वतःची आठवण जपली, तर शिळेपणा दुहेरी होतो. ओव्हरलेएफएसच्या अधिकृत माहितीपत्रात स्पष्ट लिहिले आहे की थर चढलेला असताना तळ बदलू नये. बदललात तर यंत्र कोसळणार नाही, पण काय दिसेल त्याची हमी नाही. मी तेही केले होते. मुले काम करत असताना मी सर्व्हरवरच्या दोन फाइली दुरुस्त केल्या. काहींना नवे रूप दिसले. ज्यांनी ती फाइल आधीच वर उतरवून घेतली होती, त्यांना माझी दुरुस्ती कधीच दिसली नाही आणि दिसणारही नव्हती. बारा यंत्रांवर एकाच ओवीचे दोन पाठ झाले. पाठभेद कसे जन्मतात, हे विद्यार्थ्यांना त्या दिवशी प्रात्यक्षिकासह कळले.

दुसरे कारण बिल्ल्याचे. एनएफएसचा सर्व्हर प्रत्येक फाइलीसाठी एक बिल्ला देतो आणि पुढचा सगळा व्यवहार त्या बिल्ल्यावर चालतो. सर्व्हरवर कोणी ती फाइल पुसली, तर तुमच्या हातातला बिल्ला शिळा होतो. साधा एनएफएस असेल तर तो नाव पुन्हा शोधून नवा बिल्ला मागू शकतो. पण मधे थर असेल तर त्या थराने जुना बिल्ला पोटाशी धरलेला असतो. 'तपासून पाहा' हा निरोप वरच्या थराने न चुकता खाली पोचवला पाहिजे. तो पोचवला नाही, तर माणसाला फक्त एवढेच दिसते की कालपर्यंत उघडणारी फाइल आज उघडत नाही.

तिसरे कारण भुताचे. युनिक्सच्या परंपरेत उघडी फाइल पुसता येते. नाव जाते, पण ज्याने ती उघडली आहे त्याचे वाचन चालू राहते. जुन्या एनएफएसच्या सर्व्हरला कोणी काय उघडले आहे हे आठवत नसे, कारण त्याची रचनाच तशी बिनआठवणीची होती. म्हणून वापरणाऱ्याचे यंत्र युक्ती करते. फाइल पुसण्याऐवजी तिचे नाव बदलून ती लपवते आणि शेवटचा वाचक गेला की खरोखर पुसते. आता मधला थर स्वतःच खालची फाइल उघडी धरून बसला असेल, तर वरचा माणूस केव्हाच निघून गेला तरी हे लपवलेले भूत मागे राहते. मग फोल्डर पुसायला जावे तर उत्तर येते, 'फोल्डर रिकामा नाही'. डोळ्यांना तर तो रिकामाच दिसतो.

चौथे कारण अधिकाराचे. ज्याने थर चढवला त्याच्या नावाने तो थर तळाशी बोलतो आणि हा माणूस बहुधा यंत्राचा मुख्य, म्हणजे रूट असतो. पण एनएफएसच्या सर्व्हरवर सुरक्षेसाठी सहसा अशी मांडणी असते की दुसऱ्या यंत्रावरच्या रूटला इथे कवडीची किंमत नाही, त्याला अनोळखी समजावे. त्यातून गंमत होते. फाइल विद्यार्थिनीची स्वतःची असते आणि वाचायचा हक्क तिला असतो. पण थर तिच्या वतीने रूट बनून दार ठोठावतो आणि सर्व्हर त्याला बाहेरच ठेवतो. गावच्या पाटलाने परगावच्या चावडीत जाऊन हुकूम सोडावा, तसा हा प्रकार आहे.

पाचवे कारण उतरवून घेण्याचे. स्थानिक डिस्कवर मोठी फाइल वर उतरवायला फारसे काही लागत नाही. नेटवर्कवर मात्र एका काना-मात्रेसाठी तासाभराचे ध्वनिमुद्रण अख्खे ओढून आणावे लागते. शिवाय २०१८पर्यंतच्या ओव्हरलेएफएसमध्ये फाइल वर उतरवण्यापूर्वी ज्याने ती वाचायला उघडली होती, तो जुनीच प्रत वाचत राहायचा. त्या जुन्या प्रतीवर कोणी 'मी वापरतो आहे, हात लावू नका' असे कुलूप लावले असेल, तर ते नव्या प्रतीला लागू होत नसे. दोघे लिहीत असतील तर कुलूप असूनही ते एकमेकांवर लिहू शकत.

सहावे कारण खालच्या बोलीचे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत नाव शोधणे आणि फाइल उघडणे या दोन गोष्टी एकाच विनंतीत होऊ शकतात, म्हणजे मधल्या क्षणात कोणी घुसत नाही. मधला थर मात्र आधी शोधतो आणि मग उघडतो. जुन्या लिनक्समध्ये अशा विनंतीबरोबर 'मी कशासाठी शोधतो आहे' ही माहिती खाली जायची. काही थर ती पाठवायचेच नाहीत आणि तिच्यावर विसंबलेला खालचा एनएफएस गाभ्यासकट कोलमडायचा. २०१२मध्ये लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीत शोधणे आणि उघडणे एकत्र करण्याची वेगळी सोय झाली आणि हा सांधा बराच सुधारला.

आता माझ्या चुकीकडे येतो. तळ सर्व्हरवर होता, ते ठीकच होते. वरचा थरही सर्व्हरवरच ठेवावा, म्हणजे मुलांचे काम जपले जाईल, असा माझा पहिला विचार होता. लिनक्सने तो मान्य केला नाही. वरच्या थराला हरताळीसारख्या खुणा आणि स्वतःच्या टीपा फाइलींना चिकटवून ठेवाव्या लागतात. त्यासाठी ज्या खास, विश्वासातल्या टीपा लागतात, त्या एनएफएस वाहून नेत नाही. फोल्डरची यादी देताना प्रत्येक नावापुढे ते फाइल आहे की फोल्डर हेही खात्रीने सांगावे लागते. म्हणून माहितीपत्रातच लिहिले आहे की वरच्या थरासाठी एनएफएस योग्य नाही. साध्या वापरकर्त्याच्या टीपा एनएफएसवरून पाठवण्याचे मानक २०१७मध्ये झाले आणि लिनक्समध्ये ते २०२०मध्ये आले. पण तेव्हा आमच्याकडे ते नव्हते, आणि तेवढ्याने प्रश्न सुटलाही नसता.

नकार आला. वर्ग तर सकाळी सुरू होणार होता. मी वरचा थर प्रत्येक यंत्राच्या मेमरीत ठेवला. सगळे झटकन चालू लागले. मुले सेव्ह करत होती आणि त्यांचे शब्द वरच्या कागदावर नीट उमटत होते. पण तो कागद विजेवर उभा होता. वीज गेली, कागद गेला, खाली मूळ पोथी जशीच्या तशी राहिली. नकाराचे कारण वाचून पर्याय शोधावा, एवढाही वेळ मी काढला नाही. आणि मुलांना 'तुमचे लेखन इथे टिकणार नाही' हे सांगितलेही नाही. यातली दुसरी चूक मला अधिक बोचते.

थोडे परत मिळाले. जी मुलगी 'मी सेव्ह केलं होतं' म्हणाली, तिने बोलीतले शब्द वहीतही उतरवले होते, कारण तिच्या आजीला ते विचारायचे होते. त्या वहीवरून आणि मूळ ध्वनिमुद्रणावरून मुलांनी काम पुन्हा केले. दुसऱ्यांदा करताना पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले. काही ठिकाणी पहिल्या वेळी कानाला जे स्पष्ट लागले होते ते दुसऱ्या वेळी लागले नाही. तिथे आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आणि ती प्रश्नचिन्हे अजून तशीच आहेत.

नंतर मी व्यवस्था बदलली. ज्यांच्या शाळा-महाविद्यालयांत असे कक्ष आहेत त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. दूरचा तळ फक्त वाचण्यासाठी ठेवावा आणि कक्ष चालू असताना त्याला हात लावू नये. दुरुस्ती करायची असेल तर सगळी यंत्रे बंद असताना करावी. शक्य असेल तर तळ सुट्या हजार फाइलींचा न ठेवता सगळा एकाच दाबून बांधलेल्या प्रतिमा-फाइलीत ठेवावा. मग नेटवर्कवर एकच न बदलणारी फाइल राहते आणि शिळ्या बिल्ल्यांचा व लपलेल्या भुतांचा प्रश्न बराचसा मिटतो. थर एकत्र करायचेच असतील तर ते सर्व्हरवर, त्याच्या स्थानिक डिस्कवर करावेत आणि तयार झालेले एकत्र रूप नेटवर्कवर द्यावे. ओव्हरलेएफएस अशी बाहेर देण्याची सोय २०१८पासून आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: माणसांचे लेखन कुठल्याही थरात ठेवू नये. त्यासाठी सर्व्हरवर साधा, बिनथराचा फोल्डर असावा आणि त्याची रोज दुसरीकडे प्रत व्हावी. वरचा मेमरीतला थर यंत्राच्या स्वतःच्या खटाटोपासाठी असू द्यावा. तो संध्याकाळी पुसला जाणे हा तर त्याचा गुणच आहे.

शेवटी इथल्या लेखक-शिक्षकांसाठी एक गोष्ट. हे सगळे मी वर्गात इंग्रजी शब्दांत शिकवत होतो, तेव्हा मुले पाठ करून उत्तरे लिहीत. 'सेव्ह म्हणजे काय?' असे विचारले तर 'जतन करणे' असे उत्तर येई. त्या संध्याकाळनंतर मी प्रश्न बदलला. आता विचारतो, 'कुठे?' कुठल्या थरात, कुणाच्या यंत्रावर, कशाच्या भरवशावर? तळ, वरचा थर, उतरवून घेणे, हरताळ, शिळा बिल्ला या शब्दांत बोलू लागल्यावर मुले स्वतःच शंका काढू लागली. एकाने विचारले, "सर, हरताळ फासली तरी खाली अक्षर असतंच ना?" असते. आणि फाइल पुसली म्हणून निश्चिंत होणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे.

आपल्यातले कित्येकजण बोलीचे शब्द, जुन्या पोथ्या, आजीच्या ओव्या यंत्रावर चढवत आहेत. काम मोठे आहे आणि निगुतीचे आहे. आज घरी किंवा कार्यालयात परत गेलात की आपल्या संगणकाची व्यवस्था पाहणाऱ्याला एवढेच विचारा: मी सेव्ह करतो ते नेमके कुठे जाते, आणि वीज गेली तर उद्या ते तिथे असेल का? त्याला लगेच उत्तर देता आले नाही, तर उत्तर मिळेपर्यंत वही जवळ ठेवा.